प्रोजेक्ट दुकानात मिळतो, किल्ला मिळत नाही

दिवाळीच्या आधी बेळगावातल्या कुठल्याही गल्लीत फिरून बघा. शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठंही. विटांचे ढीग, जुनी पोती, घमेल्यातून आणलेली लाल माती आणि कोपरापर्यंत चिखलानं माखलेली पोरं. राजगड करायचा की प्रतापगड, यावर दोन दिवस भांडण चालतं. मग कुणीतरी मोबाईलवर ड्रोनचा व्हिडिओ काढतं आणि बालेकिल्ला कुठल्या बाजूला घ्यायचा ते ठरतं. पाचवीतलं पोरगं नववीतल्याला सांगत असतं, "बुरूज तिथं नको रे, दरवाजा झाकतोय." पोतं किती पातळ चिखलात बुडवलं म्हणजे सुकताना तडकत नाही, हळीव कधी पेरलं म्हणजे पाडव्याला हिरवंगार दिसतं, पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं, नाहीतर तटबंदी खाली येते, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. तिथं सर नसतात, बाई नसतात, मार्क नसतात.

हीच पोरं महिन्याभरानं शाळेचा प्रोजेक्ट करतात. म्हणजे काय करतात? स्टेशनरीच्या दुकानात जाऊन 'सातवी सायन्स' एवढं म्हटलं की झालं. थर्मोकोलची सूर्यमाला तयार मिळते, ज्वालामुखी तयार मिळतो, लेबलंसुद्धा छापलेली असतात. ज्यांच्याकडं तेवढे पैसे नाहीत त्यांच्या घरी रात्री दहा वाजता आई फेविकॉल लावत असते, बाबा कटरनं कापत असतात आणि पोरगं झोपलेलं असतं. दुसऱ्या दिवशी एफएचे, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनाचे मार्क पडतात. सगळ्यात देखण्या सूर्यमालेला सगळ्यात जास्त. आईला पडले की दुकानदाराला, कोण विचारतो?

मला यात पालकांचा राग येत नाही. मास्तरांचाही फारसा येत नाही. एका वर्गाला शिकवता शिकवता दुसरा सांभाळायचा, जेवणाचा हिशेब ठेवायचा, ऑनलाइन माहिती भरायची, त्यात प्रत्येक पोराचा प्रोजेक्ट कोण बघत बसणार? माझं म्हणणं एवढंच आहे की 'हातानं करून शिकणं' म्हणून आपण शाळेत जे काही आणलंय, त्यात हात पोरांचे असले तरी ठरवणारं डोकं दुसऱ्याचंच आहे. किल्ल्यात मजा चिखलाची नसते. काय करायचं ते आपण ठरवलं आणि पडलं तर आपणच उभं करायचं, याची असते.

मी हे का बोलतोय ते सांगतो. माझं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पॅटर्नचं दुकान आहे. फाउंड्रीत वाळूचा साचा करायला आधी लाकडाचा नमुना लागतो, तो आम्ही करतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना मीटरला साधारण १० मिलिमीटर आकसतं, ॲल्युमिनियम त्याहून जास्त, म्हणून नमुना तेवढा मोठा धरायचा. बाजूंना थोडा उतार द्यायचा, नाहीतर वाळूतून वर काढताना साचा फुटतो. माझ्याकडं आयटीआयची, डिप्लोमाची पोरं कामाला येतात. आकसण्याचे आकडे त्यांना तोंडपाठ असतात. पण हातात ड्रॉइंग देऊन "पार्टिंग लाइन कुठं घेशील, बाळा?" (म्हणजे साच्याचे दोन भाग कुठं वेगळे करशील) असं विचारलं की ते ड्रॉइंगकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघतात. मला कुठलं उत्तर हवंय ते शोधत असतात. हुशार पोरं आहेत हो. दहा-बारा वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या मनातलं उत्तर ओळखायचाच सराव केलाय.

आता याच्या उलट एक गोष्ट. खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत ओळखीच्या बाईंनी मला बोलावलं होतं. "अण्णा, मुलांना काहीतरी करून दाखवा." मी म्हटलं, दाखवत नाही, त्यांना काय करायचंय ते विचारूया. बऱ्याच रोबोट-रॉकेटनंतर एक मुलगी म्हणाली की जेवणाआधी हात धुवायला एकच नळ आहे, रांगेत अर्धी सुट्टी जाते. ठरलं. टाकीपासून एक इंची पाइप भिंतीकडेनं न्यायचा, त्याला दहा भोकं पाडायची, दहा जण एकदम हात धुतील. पाइप, एल्बो, टोपी, सोल्युशन, सगळं मिळून हजाराच्या आत. खरेदीला पोरं स्वतः गेली. दुकानदार कन्नड बोलणारा. शाळेत कन्नडच्या तासाला मान खाली घालून बसणारं एक पोरगं तिथं मापं आणि भाव विचारताना अडखळत का होईना पण बोलत होतं, कारण चुकीचा एल्बो आला असता तर परत यायला त्यालाच लागणार होतं.

भोकं पाडली १० मिलिमीटरची. पाणी सोडलं, तर पहिल्या तिघांच्या हातावर धबधबा आणि शेवटच्या चौघांना थेंब नाही. मला कारण माहीत होतं. बाईंनाही बहुतेक अंदाज आला होता. आम्ही दोघं गप्प बसलो, आणि खरं सांगतो, माझ्यासारख्या बडबड्या माणसाला त्या दिवशीचं सगळ्यात अवघड काम तेच होतं. पोरांनी आधी टाकीला दोष दिला, मग पाइपच्या उताराला. उतार बदलून बघितला, थोडा फरक पडला. मग एकानं पहिली तीन भोकं बोटांनी दाबली आणि शेवटी पाणी आलं! तिथून गाडी सुटली. फळ्यावर हिशेब सुरू झाला. पाइपचा आतला व्यास २५ मिलिमीटर धरला तर तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस मिलिमीटर. दहा भोकांचं मिळून ७८५. म्हणजे येणाऱ्या वाटेपेक्षा जाणाऱ्या वाटा मोठ्या, पाणी शेवटपर्यंत पोचणार कसं? ४ मिलिमीटरची भोकं घेतली तर मिळून १२६ च्या आसपास. नवीन पाइप आणला, बारीक भोकं पाडली, दहाही ठिकाणी धार सारखी आली. पाय आर वर्ग हे सूत्र त्या वर्गाला आधी पाठ होतंच. त्या दिवशी ते कामाला आलं.

एक गोष्ट मात्र मला खटकली. ड्रिल मशीन सगळा वेळ मुलग्यांच्याच हातात होतं. जिनं कल्पना काढली ती मुलगी मापाच्या खुणा करत होती, आणि शेवटी तिला भिंतीवर 'हात स्वच्छ धुवा' असं रंगवायला दिलं. किल्ल्यातही हेच बघतो मी, पोरगे बुरूज बांधणार आणि पोरींना पुढं रांगोळी काढायला बसवणार. पोरांवर सोपवलं की सगळं आपोआप न्यायानं होतं असं नाही. तिथं मोठ्यांनी बोलायलाच पाहिजे. दुसऱ्या पाइपच्या वेळी बाईंनी मशीन सरळ तिच्या हातात दिलं.

हे सगळं काही नवीन नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, हस्तोद्योगातून शिक्षण. कोठारी आयोगानं कार्यानुभव आणला. त्याचं पुढं काय झालं ते आपण शाळेत भोगलंय. कागदाची फुलं, काथ्याची पायपुसणी, सगळ्यांची सारखी, बाईंनी दाखवलेल्या नमुन्याबरहुकूम. पण ज्यांनी नेटानं केलं त्यांचंही बघा की. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. त्यांच्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती असं खरं काम करतात आणि शिकवायला गावातलेच कारागीर असतात. आपल्या शेजारी कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. तेही मराठीतच, आणि महागड्या लॅबशिवाय.

लॅबचं म्हणाल तर नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत मिळतात. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, सगळं येतं. चांगली योजना आहे, मी विरोधात नाही. पण एका शाळेत मी ती लॅब बघायला गेलो तर किल्ली शोधण्यात अर्धा तास गेला. आत प्रिंटरवर प्लॅस्टिकचं कव्हर तसंच. "पोरं मोडतात हो," असं उत्तर मिळालं. मोडणारच! माझ्या दुकानात नवीन पोरगं पहिल्या महिन्यात किती ब्लेड मोडतं ते विचारू नका. मोडायला परवानगी नसलेली लॅब ही लॅब नव्हे, ते देवघर आहे.

आता येतो खऱ्या अडचणीकडं. वडगावातल्या एका विणकर मित्राला मी हे उत्साहानं सांगत होतो. तो शांतपणे म्हणाला, "तुझं ठीक आहे रे. माझ्या बापानं माग चालवला, मी पॉवरलूम चालवतो. पोराला शाळेत घालतोय ते त्याला हातकाम करायला लागू नये म्हणून. आणि तू म्हणतोस शाळेतच हातकाम?" या बोलण्याला माझ्याकडं चटकन उत्तर नव्हतं, आणि ज्याच्याकडं आहे त्यानं ते जरा जपूनच द्यावं. कुंभाराच्या पोरानं मडकी करायची, चांभाराच्या पोरानं चपला शिवायच्या, या चक्रातून बाहेर पडायलाच तर आपल्या आज्या-पणज्यांनी शाळा धरली. निपाणीत विड्या वळणाऱ्या आईला सांगून बघा की हातकाम थोर असतं.

पण मित्राच्या पोराला मी माग चालवायला सांगत नाही. वडिलांच्या मागावर धागा तुटला की माग आपोआप कसा थांबतो, हे त्यानं वर्गात खोलून सगळ्यांना दाखवावं, आणि डॉक्टरच्या पोरीनंही ते करून बघावं. जातीनं वाटून दिलेलं काम आणि स्वतः ठरवून केलेलं काम, दोन्हीत घाम सारखाच, पण निर्णय कुणाचा, हा फरक मोठा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. चित्रकला शिकायला मुंबईला गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ते सुटलं, मग मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले, शिकवलं, आणि बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. लोहारकी त्यांच्या घरात नव्हती. त्यांनी ती निवडली.

मार्कांचं काय, असं कुणीतरी विचारणारच. एसएसएलसीला, म्हणजे आपल्या दहावीला, बहुतेक विषयांत ८० लेखी आणि २० अंतर्गत. ते २० आज जवळजवळ सगळ्यांना मिळतात, मग त्यासाठी सूर्यमाला विकत कशाला आणायची? त्या जागी पोरांनी एक वही ठेवावी, ठरवलं काय, फसलं कुठं, बदललं काय. इंग्लिश मीडियमकडं पळणाऱ्या पालकांना 'आपली भाषा, आपली शाळा' असं भाषण देण्यापेक्षा मराठी शाळेच्या दारात दहा धारांचा तो पाइप दाखवलेला मला जास्त आवडेल.

वेळही आहेच की. आपल्याकडं महिन्याचा तिसरा शनिवार दप्तराविना असतो. बहुतेक ठिकाणी तो खेळ आणि गाण्यांत जातो, जाऊ दे, पण वर्षातले चार तरी या कामाला द्यावेत. हेडमास्तर आणि एसडीएमसीवाल्यांनी, म्हणजे शाळेच्या पालक समितीनं, मनावर घेतलं तर वरून आदेश यायची वाट बघावी लागत नाही. खानापूरला खादी आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे, उद्यमबाग-मच्छेत शेकडो वर्कशॉप आहेत, गल्लीगल्लीत फॅब्रिकेशनवाले आहेत. शाळांनी त्यांना भाषणाला नको, दोन तास बसायला बोलवावं. आणि जाणाऱ्यांना माझी एकच विनंती, पोरांच्या हातातली करवत घेऊन "असं नव्हं, असं" करू नका. बोट कापेल असं वाटलं तरच मध्ये पडा. गॉगल घालायला लावा, कामाचा तुकडा क्लॅम्पमध्ये धरायला लावा, बाकी गप्प बसा.

माझ्या दुकानात पॅटर्नच्या लाकडाचे तुकडे पडतात. सागवान, पाइन, थोडं प्लायवूड. आजवर ते बंबात जात होते. आता खिळे काढून वेगळे ठेवतोय. बेळगाव-खानापूरकडच्या ज्या सरकारी शाळेला हवेत त्यांनी कळवावं, पैसे नकोत. अट एवढीच की न्यायला पोरांनी सरांबरोबर स्वतः यावं, आणि काय करणार ते मला त्यांनीच सांगावं. सूर्यमाला म्हणालात तर देणार नाही.