ब्रिटिश सीगलवरच्या ‘त्या’ प्रतिक्रियेला उत्तर: नंबर पाहिला होता, साहेब

नमस्कार.

होडीच्या मागे लावायच्या जुन्या ब्रिटिश सीगल मोटारीवरच्या माझ्या लेखाखाली आपण टोपणनावाने जी प्रतिक्रिया टाकलीत, ती आधी जशीच्या तशी देतो, म्हणजे बाकीच्यांना शोधत बसायला नको:

“एवढं पुराण लावण्यापेक्षा क्रँककेसवरचा नंबर बघितला असता तर दोन मिनिटांत मोटार ओळखता आली असती. हौशी लोकांनी इंजिनांवर लिहू नये. पेट्रोलमध्ये दहास एक तेल घालायला सांगणं हा तर बेजबाबदारपणा आहे. फोटो अंधारातले. आणि पार्ट शेवटी मिळाला कुठे, ते लिहिलंच नाही.”

चुका दाखवायला माझी ना कधीच नव्हती. जुन्या वाचकांना विचारा. पण हा सूर? ‘पुराण’, ‘हौशी लोक’! समोर बसून बोलताना आपण अनोळखी माणसाशी असं बोलाल का? खरं नाव न लावता लिहायचं आणि दुसऱ्याची लायकी काढायची, याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात.

हौशी म्हणालात म्हणून सांगतो, एरवी सांगितलं नसतं. माझे वडील हर्णै बंदरात मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. शाळा सुटली की दप्तर कोपऱ्यात टाकून मी डिझेलमध्ये नट-बोल्ट धुवायला बसायचो. हाताचा वास घालवायला आई राख द्यायची. पुढे डिप्लोमा केला, मुंबईत गोदीत नोकरी केली आणि आता साउदॅम्प्टनजवळ राहतो, तिथेही रोजचं काम यंत्रांचंच. सीगल हा छंद आहे, मान्य. पण छंद असलेला प्रत्येक माणूस अडाणी नसतो.

आता नंबर. मी नंबर पाहिलाच नाही, हे आपण कशावरून ठरवलंत? लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात तेच तर आहे. क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या कवचावर, रंगाचे थर चढले होते. थिनरमध्ये बोळा भिजवून घासत बसलो, तेव्हा आधी सी दिसला, मग एल, मग आकडे. सीगलच्या नंबरात सुरुवातीची अक्षरं मॉडेल सांगतात. बऱ्याच मॉडेलांत आकड्यांआधी सी असेल तर क्लचवाली, एल असेल तर लांब दांड्याची (दांडा म्हणजे इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंतचा). म्हणजे नंबराप्रमाणे माझी मोटार लांब दांड्याची आणि क्लचवाली. आणि बाकावर समोर काय? दांडा आखूड, क्लचचा पत्ता नाही. दोरी ओढून इंजिन लागलं की पंखा फिरलाच. आता दोन मिनिटांत सांगा, खरं कोण बोलतंय, नंबर की मोटार?

नंबर क्रँककेसवर ठोकलेला असतो, म्हणून तो क्रँककेसचा असतो. दांडा, गिअरबॉक्स, टाकी, कार्ब्युरेटर यांच्याबद्दल तो आज काहीही हमी देत नाही. ही मोटार 1931 मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला मार्स्टन कंपनीच्या नावाखाली सुरू झाली, नंतर डॉर्सेटमधल्या पूल गावात बनू लागली आणि 1996 पर्यंत बनत राहिली. इतक्या वर्षांत तिचा मूळ आराखडा फारसा हलला नाही, त्यामुळे एकीचे बरेचसे भाग दुसरीला बसतात. आणि इथले मालक तर असे की, दोन मेलेल्या मोटारींतून एक जिवंत करतात आणि कुणाला सांगतही नाहीत.

नंबरावर विसंबून पार्ट मागवला की काय होतं, तेही लिहिलं होतं. एका दुकानदाराला फोनवर नंबर वाचून दाखवला. त्या काळच्या मोटारीला व्हिलिअर्स कंपनीचं मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा भाग), असं म्हणून त्याने त्या मॅग्नेटोचे पॉइंट्स, म्हणजे आतले उघडमीट करणारे संपर्क, पाठवले. फ्लायव्हील, म्हणजे वरचं जड चाक, उतरवलं तर आत विपॅक या दुसऱ्याच कंपनीचं मॅग्नेटो! भोकंसुद्धा जुळेनात. परत घ्या म्हटलं तर म्हणतो, नंबर तुम्हीच दिलात. पैसे गेले ते गेलेच. आपली दोन मिनिटं मला अशी महागात पडली.

म्हणूनच मी वाचकांना मोटारीचा एकेक अवयव ओळखायला सांगितलं. मॅग्नेटो कुणाचं ते फ्लायव्हील काढून बघा. कार्ब्युरेटर व्हिलिअर्सचा, अमालचा की अगदी अलीकडचा बिंग, ते बघा. इंजिन 64 सीसीचं फॉर्टी आहे की 102 सीसीचं सेंच्युरी, ते ठरवा. पाच पात्यांचा पंखा दिसला तर सेंच्युरीकडे झुका, पण पंखाही बदललेला असू शकतो हे विसरू नका. नटांना मेट्रिक पाने लावू नका, मापं व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश पद्धतीची आहेत, कोपरे झिजले की रडत बसाल. आणि पंख्याशी असलेली ती जाड तारेची स्प्रिंग जरूर तपासा. सीगलला शिअर पिन, म्हणजे धक्का बसला की मुद्दाम तुटणारी पिन, नसते. पंखा दगडाला आपटला तर धक्का ही स्प्रिंग खाते. माझ्या मोटारीत स्प्रिंगच्या जागी कुणीतरी खिळा वाकवून बसवला होता. आधीच्या मालकाबद्दल त्या खिळ्याने जे सांगितलं, ते कुठल्या नंबरात सापडणार होतं? याला आपण पुराण म्हणता. म्हणा बापडे.

तेलाबद्दल एवढंच की, दहास एक हा आकडा माझा नाही, जुन्या सीगलसाठी कारखान्यानेच दिलेला आहे. आत साधी ब्राँझची बुशं आहेत, त्यांना भरपूर तेल लागतं. पुढे कारखान्यानेच हे प्रमाण पंचवीसास एकवर आणलं आणि जुन्या मोटारीही कार्ब्युरेटरमध्ये बदल करून त्यावर चालवता येतात. धूर होतो, पाण्यावर तवंग येतो, ते मलाही दिसतं. पण सुट्टीच्या दिवशी खाडीत घटकाभर होडी फिरवणाऱ्याला बेजबाबदार ठरवण्याआधी आपल्या गल्लीतला जनरेटर ऐका. असो. लेख पर्यावरणावर नव्हता.

फोटो अंधारातले, हे मात्र शंभर टक्के मान्य. शेडमध्ये एकच बल्ब आहे. उजेडात काढलेले नवे फोटो टाकले आहेत. बघा, योग्य सांगितलं की मी ऐकतो.

राहता राहिला पार्ट. इकडे हँपशरमध्ये ब्यूलीला बोट जंबल, म्हणजे होड्यांच्या जुन्या सामानाचा बाजार, भरतो. पुण्याच्या जुन्या बाजारात मन रमणाऱ्याला तिथून हलावंसं वाटणार नाही: गवतावर ताडपत्र्या, त्यावर नांगर, दोर, गंजक्या मोटारी. तिथे एका आजोबांपाशी गळक्या टाकीची, पंखा नसलेली सीगल पडली होती. फ्लायव्हील आधीच निखळलेलं, त्यामुळे आतलं विपॅक स्वच्छ दिसत होतं. अख्खी मोटार उचलली, पॉइंट्स काढून माझ्या मोटारीला बसवले. आजोबांकडे आणखीही माल आहे आणि त्यांचा फोन नंबर माझ्याकडे आहे. साध्या शब्दांत विचारलं असतंत, तर त्यांना विचारून तोही दिला असता.