ती गोल पट्टी कचरा नाही, अंडी आहेत

गेल्या हिवाळ्यात गुहागरच्या पुळणीवर आम्ही काही जण कचरा वेचत होतो. चपला, बाटल्या, जाळ्यांचे तुकडे. ओहोटीच्या ओल्या वाळूत मला एक करडी, गोल वळलेली पट्टी दिसली. शर्टाच्या कॉलरसारखी, एका बाजूने उघडी, हाताला रबरासारखी. मी ती पोत्यात टाकली. अशा तीन टाकल्या. शेजारी शिंपले वेचणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "ती कशाला उचलतेस गो? अंडी हायत ती."

ती अंडी मून स्नेल नावाच्या समुद्री गोगलगायीची. मादी आपला चिकट स्राव आणि वाळू एकत्र कालवून शंखाभोवती ही कॉलर वळते. हजारो अंडी त्या पातळ थरात बसवलेली असतात. ओली असते तोवर लवचीक, कोरड्यावर टाकली की कडक होऊन तुकडे पडतात. पिल्लं बाहेर पडली की ती आपोआप विरते. म्हणजे अखंड, ओली कॉलर दिसली तर आत अजून जीव असण्याचीच शक्यता जास्त.

ही गोगलगाय स्वतः वाळूखाली असते. ओल्या वाळूवर नांगरल्यासारखी रेघ दिसते आणि ती एका छोट्या उंचवट्याशी संपते, तिथे हलकेच बोट घाला. तिचा पाय पाणी भरून इतका फुगतो की शंखच दिसेनासा होतो. याच पायात ती शिंपला गुंडाळते आणि आतला जीव खायला त्याला भोक पाडते. आम्लाने कवच मऊ करायचं, दातेरी जिभेने खरवडायचं, पुन्हा आम्ल. तासन् तास, कधी दिवसभराहून जास्त. माळेसाठी मुलं आयतं भोक असलेला शिंपला शोधतात ना, तो एकदा उलटसुलट करून बघा. बाहेरून रुंद, आत निमुळतं होत गेलेलं गुळगुळीत भोक असेल, तर ते बहुतेक हिचंच काम. आपल्याच जातीच्या गोगलगायीही ती अशाच खाते.

किनारा साफ करायलाच हवा, मी पुढेही जाणार आहे. पण पोती वाटण्याआधी काय उचलायचं नाही हे दाखवलंच पाहिजे. आणि ओल्या वाळूवर गाड्या पळवणाऱ्यांनो, तुमच्या चाकांखाली हेच सगळं येतं. कृपा करून गाडी वर लावा, चालत या.

त्या दिवशी पोतं उलटं करून तिन्ही कॉलरी शोधल्या. एक मोडली होती. दोन गुडघाभर पाण्यात नेऊन ठेवल्या.