लाल मंद झाला म्हणून फिलामेंट वाढवू नका

ठाण्यात जुने रंगीत टीव्ही जपणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक तोडगा फिरतोय: ‘एखादा रंग मंद झाला म्हणजे पिक्चर ट्यूब थकली. एलओटीवर (लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर) फिलामेंटचा (ट्यूबमधल्या तापणाऱ्या तारेचा) एक वेढा जास्त घाला, ‘स्क्रीन’ नावाचा प्रीसेट वाढवा, कडेचे डाग स्पीकरच्या चुंबकाने पुसा.’ चारही गोष्टी चुकीच्या.

‘ट्यूब थकली’ हे निदानच घाईचं. आधी टीव्हीचा कलर कंट्रोल शून्यावर आणा. रंगाची झाक गेली तर दोष कलर डिकोडरकडे (रंगाचा सिग्नल उलगडणाऱ्या सर्किटकडे), ट्यूबला हात लावू नका. पांढरा शर्ट तरीही निळसर-हिरवा दिसला, तर लाल कमी पडतोय. पण गनमुळे (ट्यूबमधली, त्या रंगासाठी इलेक्ट्रॉनचा झोत सोडणारी) की बेस कार्डमुळे (ट्यूबच्या मानेवरचं सर्किट)? सेट बंद करा, प्लग काढा, १८०-२०० व्होल्ट लाइनचा कपॅसिटर रिकामा करा. मग लाल आणि निळ्या कॅथोडला (गनचा इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) जाणाऱ्या रेझिस्टरांची ट्यूबकडची टोकं आपसात बदला आणि सेट लावून बघा. आता चित्र पिवळट झालं तर कार्ड दोषी, लालच कमी राहिला तर गन. (ऑटो कट-ऑफ, म्हणजे रंगांचा तोल आपोआप सावरणारी सोय, असलेल्या सेटवर ही चाचणी फसवते.) कार्ड निघालं तर आधी ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरच्या तापणाऱ्या रेझिस्टरचं ड्राय सोल्डर (सैल पडलेला टाका) बघा, मग सॉकेटच्या पिना. खाडीच्या दमट हवेत त्यांवर हिरवा गंज हमखास चढतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ट्यूब शोधत फिरायची वेळ बहुधा येतच नाही.

आता तो वेढा. तिन्ही गनची फिलामेंट समांतर, एकाच ६.३ व्होल्टवर चालतात. व्होल्टेज कमी असतं तर तिन्ही रंग मंद झाले असते. एका लालसाठी ते वाढवलं की दोन धडधाकट कॅथोडही भाजतात. शिवाय हे व्होल्टेज १५,६२५ हर्ट्झच्या पल्समधून येतं. साधा मीटर ते चुकीचं दाखवतो, आणि ‘चारच येतंय’ म्हणून लोक वेढा घालतात! तिन्ही रंग मंद असतील तर फिलामेंट लाइनमधला छोटा रेझिस्टर तपासा.

इन-लाइन ट्यूबला (तिन्ही गन एका ओळीत असलेल्या) स्क्रीन प्रीसेट एकच असतो, तिन्ही गनना सामाईक. वाढवला की काळं राखाडी होतं आणि तिरक्या रिट्रेस रेषा (झोत परत फिरतानाच्या) उमटतात. लाल होता तिथेच.

चुंबकाने शॅडो मास्क (पडद्यामागची छिद्रांची धातूची जाळी) आणखी बिघडतो. डागांसाठी सेटमधल्या डिगॉसिंग कॉइलचा (नको ते चुंबकत्व घालवणारी) पोझिस्टर (तिचा प्रवाह हळूहळू घटवणारा भाग) तपासा. डाग राहिलेच तर हातातली डिगॉसिंग कॉइल फिरवत दोनेक मीटर मागे या, मगच बंद करा.

गन खरंच कमजोर असेल तर सेट अर्धा तास तापू द्या. कलर शून्यावर, स्क्रीन खाली. गडद राखाडीवर बायसचे (गडद भागातला रंगांचा तोल) प्रीसेट लावा, मग पांढऱ्यावर ड्राइव्हचे (उजळ भागातला तोल): लाल पूर्ण वर, हिरवा-निळा त्याच्या मापाने खाली. उजेड थोडा घटतो, पण पांढरं पांढरं दिसतं. चासी लाइव्ह (थेट मेनशी जोडलेली) असते, अॅनोडला २१ इंची सेटमध्ये २५ हजारांच्या आसपास व्होल्ट; प्लॅस्टिकचाच स्क्रूड्रायव्हर घ्या, एक हात मागे ठेवा.

लाल यायला दहा मिनिटं लागत असतील आणि उजळ भागात तो ओघळत असेल, तर प्रीसेटने भागणार नाही. उरतो रिज्युव्हिनेटर (थकलेल्या कॅथोडला झटका देऊन जागवणारं यंत्र). त्याच्या झटक्याने कॅथोडचा कपचा उडून लगतच्या ग्रिडला (झोत आवरणाऱ्या भागाला) शॉर्ट होऊ शकतो, तेव्हा दुसरी ट्यूब हाताशी असेल तरच.