हातचा एक, टेक सतरा

शनिवारी दुपारी शिक्षकांच्या ग्रुपवर मेसेज पडला: प्रत्येकाने एका घटकावर चार मिनिटांचा व्हिडिओ करून सोमवारपर्यंत लिंक भरावी. खाली पटापट पंचवीस अंगठे उगवले. सव्विसावा माझा. बावीस वर्षं मुलांना साक्षर करून शेवटी मीच अंगठेबहाद्दर ठरलो.

घटक घेतला हातच्याची बेरीज. झोपेतून उठवलं तरी ४७ अधिक ३६ चुकणार नाही, म्हणून. रविवारी सकाळी स्टुलावर गव्हाचा डबा, डब्यावर उभं पोळपाट, त्याला टेकून मोबाइल आणि तो घसरू नये म्हणून पुढे बत्ता, अशी उभारणी झाली.

"आज पोळ्या फळ्यावर लाटू का?" आतून विचारणा झाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पुण्यात १९८४ साली बालचित्रवाणी सुरू झाली, तेव्हा शाळकरी मुलांच्या कार्यक्रमांसाठी स्टुडिओ, दिवे, कॅमेरामन असा सगळा सरंजाम असायचा. माझ्याकडे एक ट्यूबलाइट आणि सातवीतली मुलगी. तीही तासाला एक कुल्फी या दराने.

पहिल्या टेकमध्ये मी 'नमस्कार बालमित्रांनो' अशा आवाजात म्हणालो, की कुणीतरी गेल्याचं कळवतोय असं वाटावं. दुसऱ्यात कुकरने तीन शिट्ट्या दिल्या. सहावा बिनचूक झाला, पण समोरचा कॅमेरा वापरल्यामुळे फळ्यावरचे आकडे आरशातल्यासारखे उलटे आले. मग मागचा कॅमेरा लावला. त्यात आपण कुठे आहोत ते आपल्याला दिसत नाही.

"बाबा, तुमचं डोकं कापलंय."

"असू दे. हातचा दिसतोय ना?"

सतराव्या टेकला सगळं जुळून आलं. सात आणि सहा तेरा, तीन खाली लिहिला, आणि हातचा... एवढ्यात खिडकीखालून आरोळी आली, "भंगाऽऽर, रद्दी पेप्पर!" अठराव्याची ताकद कुणातच नव्हती. मुलीची तिसरी कुल्फीही संपली होती. तोच ठेवला.

अपलोडची कथा थोडक्यात सांगतो: फोनमध्ये जागा नव्हती, सगळ्या काका-मामांच्या सुप्रभातांना निरोप दिला, आणि रात्री साडेबाराला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला टेकून बसलो तेव्हा लिंक मिळाली.

सोमवारी वर्गात दाखवला. एकतीस डोकी एका मोबाइलवर. मग फळ्यावर तेच गणित घातलं आणि विचारलं, "तीन खाली लिहिला, आणि हातचा?"

वर्ग एका सुरात म्हणाला, "भंगाऽऽर!"

पालकांनाही घरी बघता यावा म्हणून मी लिंकचा क्यूआर कोड छापून दाराला चिकटवला. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला जपानमध्ये १९९४ साली निघालेला हा चौकोन आता बालभारतीच्या पुस्तकांतही असतो. थोडा मळला, कोपऱ्यात फाटला, तरी वाचता येतो ही त्याची खुबी. चिंचेचा डाग पडलेला कोडही मी स्वतः उघडून पाहिलाय.

मंगळवारी एका आईचा फोन आला, कोड काही केल्या उघडत नाही. जाऊन बघतो तर आमचा एक कलाकार स्केचपेन घेऊन दाराशी उभा. कोडातले सगळे पांढरे चौकोन त्याने काळे केले होते.

"गुरुजी, कुणीतरी अर्धंच रंगवून सोडलं होतं."

मी जवळ जाऊन पाहिलं. एकही चौकोन सुटला नव्हता, कुठेही रेघेबाहेर शाई गेली नव्हती. खिशातून लाल पेन काढलं आणि खाली लिहिलं, 'छान.'