तासाला एवढे पडतात म्हणे! कुठला तास?

डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. जो तो उठतो आणि सांगतो, "तुम्हा डिलिव्हरीवाल्यांना तासाला बरे पडतात की!" अरे, कुठला तास? माझा की कंपनीचा?

कंपनीचा तास ऑर्डर स्वीकारली की सुरू होतो आणि पार्सल हातात दिलं की संपतो. त्याआधी उन्हात गाडी लावून मोबाइलकडे बघत बसलो, तो वेळ खात्यात नाही. लांबवर पार्सल देऊन रिकामा परत आलो, तेही नाही. पेट्रोल मात्र माझंच.

परवा काउंटरवरच्या पोरानं काहीच तयार नसताना 'ऑर्डर रेडी'चं बटण दाबून टाकलं. झालं, माझ्या स्क्रीनवर उशिराचा लाल आकडा पळायला लागला. तो आतून "दोन मिनिटं, भाऊ" म्हणतोय, ग्राहक फोनवर खेकसतोय. वेटिंगचे पैसे? भोपळा! ऑर्डर सोडावी तर इन्सेंटिव्ह गेला, आयडी ब्लॉक व्हायची भीती वेगळीच. आणि एवढं करून रेटिंग कुणाचं पडलं? माझंच.

बरं, हे फक्त माझ्या कंपनीचं असतं तर एक वेळ गप्प बसलो असतो. कॅलिफोर्नियात २०२० मध्ये 'प्रपोझिशन २२'वर, म्हणजे ॲपच्या ड्रायव्हरना कंपनीचे नोकर न मानण्याच्या कायद्यावर, मतदान झालं, ॲप कंपन्यांनी त्यासाठी २० कोटी डॉलरच्या वर ओतले. कबूल काय केलं? किमान वेतनाच्या १२० टक्के! ऐकायला झकास. पण तेही फक्त काम स्वीकारल्यापासून संपेपर्यंतच्या वेळेचे. तासातली वीस मिनिटं वाट बघण्यात गेली की १२० चे ८० झाले. करा हिशेब.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये उबरच्या खटल्यात साफ सांगितलं की ड्रायव्हर त्याच्या भागात ॲप चालू करून भाडं घ्यायला तयार बसलाय, म्हणजे तो कामावर आहे. पुढच्याच महिन्यात कंपनीनं किमान वेतन जाहीर केलं, तेही भाडं स्वीकारल्यापासून. न्यायालयाच्याच तोंडाला पानं पुसली!

न्यूयॉर्कनं डिलिव्हरीवाल्यांचा थांबण्याचा वेळही धरला, हे मानलं पाहिजे. डिसेंबर २०२३ पासून तासाला किमान १७.९६ डॉलर, एप्रिल २०२५ मध्ये ते २१.४४ झाले, टिप वेगळी. २०२३ मध्ये हा दर लागू होताच मोठ्या ॲपवाल्यांनी टिपचं बटण ऑर्डर देऊन झाल्यानंतर दिसेल असं मागे सरकवलं. तिथल्याच ॲपवरच्या टॅक्सीचालकांचा दर ठरवताना ड्रायव्हर रिकामा किती बसतो तेही मोजतात. तर हा रिकामा वेळ मोजला जाऊ नये म्हणून २०२४ मध्ये उबर आणि तिच्यासारख्याच 'लिफ्ट' कंपनीनं चालू पाळीतच ड्रायव्हरना ॲपबाहेर काढायला सुरुवात केली. माणूस गाडीत बसलेला, पण ॲपच्या लेखी तो नाहीच! ही अक्कल चांगल्या कामाला लावली असती तर.

आणि आपल्याकडे? सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये गिग कामगाराची, म्हणजे आमच्यासारख्या पक्की नोकरी नसलेल्यांची, व्याख्या आली, कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के या कामगारांच्या सुरक्षा निधीत घालायचे असंही ठरलं. विमा वगैरे मिळेल तेव्हा मिळेल, नको कोण म्हणतंय. पण तासाला निदान एवढे मिळालेच पाहिजेत, हे त्यात कुठे आहे?

वर "तुम्ही तर तुमच्या मर्जीचे मालक" हे ऐकवू नका, डोक्यात जातं. मालक स्वतःचा दर ठरवतो. माझा दर एका रात्रीत बदलतो आणि मला सकाळी नोटिफिकेशन येतं. तक्रार करायला गेलो की चॅटवर तेच ते छापील उत्तर.

लॉग-इनपासून लॉग-आउटपर्यंतचा सगळा वेळ धरा, पेट्रोल आणि गाडीची झीज वजा करा आणि मग सांगा तासाला किती पडतात. मोजता येत नाही म्हणू नका. मी कुठल्या सिग्नलला थांबलोय हे ग्राहकाला घरबसल्या नकाशावर दिसतं, ते फुकट मोजता ना?