राजीनामा लिहून देऊ नका: नोकरी गेलेल्यांमध्ये फिरणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गुरुवारी रात्री साडेदहाला धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, राजीनाम्याचा अर्ज इंग्रजीत कसा लिहायचा?" तो अंबडच्या एका कारखान्यात अकरा वर्षं सीएनसी मशीनवर आहे. ऑर्डरी घटल्या म्हणून चाळीस जणांना तोंडी सांगण्यात आलंय: राजीनामा द्या, वीस हजार घ्या आणि मोकळे व्हा. तू तयार कसा झालास, असं विचारल्यावर त्यानं एक मेसेज पाठवला. तोच मेसेज त्या दिवशी मला आणखी दोन ग्रुपवर आला होता.

मेसेजमधले दावे असे. सरकारी रोजगार केंद्रं नावापुरती उरलीत, तिथं फक्त नवशिक्या पोरांची नोंद होते. कपातीचं, म्हणजे कामावरून कमी केल्याचं पत्र कधीच घेऊ नका, त्याचा शिक्का पोर्टलवर कायम राहतो आणि पुढं कोणी कामावर घेत नाही, त्यापेक्षा राजीनामा द्या. नोकरी गेली की ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत भरलेले पैसे बुडाले. जर्मनीत बघा, बेकाराला सरकार पगार देतं, आपल्याकडं शून्य. आणि शेवटी, आमच्याकडं 499 रुपयांत नाव नोंदवा, महिन्यात नोकरी.

मी चौदा वर्षं एका छोट्या कंपनीत पगारपत्रकं करते, ईएसआय आणि पीएफची चलनं भरते. त्यामुळं राजीनाम्याच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते. बाकीच्या थापांनी वेळ जाईल, हिनं घर बसेल.

माणूस कामावरून गेला की ईएसआयच्या मासिक तक्त्यात कारणाचा आकडा भरावा लागतो. 2 म्हणजे नोकरी सोडली, 10 म्हणजे कपात. शिक्का म्हणायचा तर एवढाच. नव्या माणसाचा ईएसआय नंबर जोडताना आधीच्या कंपनीनं कोणता आकडा टाकला होता, हे मला आजवर एकदाही दिसलेलं नाही. उलट कपात झालेल्या कामगाराला कायदा पुढं करतो: कंपनीनं वर्षभरात पुन्हा भरती काढली तर आधी कपात झालेल्यांना विचारायचं, त्यांना प्राधान्य द्यायचं. राजीनामा दिलेल्याला हा हक्क नाही.

आता पैशांचं. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात जो हिशेब होता, तोच 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत आहे. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागं 15 दिवसांचा पगार. नव्या संहितेत आणखी एक भर पडली. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागं मालकानं 15 दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत, म्हणजे नवं काम शिकण्यासाठीच्या निधीत भरायचा आणि तो 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचा.

माझ्या भावाचा पगार 18,000. अकरा वर्षांचे धरा साधारण 99,000. नोटिशीचे 18,000. पुनर्कौशल्याचे 9,000. झाले 1,26,000. ग्रॅच्युइटी यात धरलेलीच नाही, ती त्याची तशीही आहे. या सगळ्यावर पाणी सोडायचं, तेही वीस हजारांसाठी? हा मेसेज कोणी लिहिला मला माहीत नाही, पण त्याचा फायदा कोणाला होतो हे सांगायला पगारपत्रक करणारी बाई लागत नाही.

आणि नुकसान इथं थांबत नाही. ईएसआयचे पैसे बुडतात म्हणे! ईएसआयमध्ये 2005 पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. कारखाना बंद पडला किंवा कपात झाली, आणि वर्गणीची अट पूर्ण असली, तर नवी नोकरी लागेपर्यंत बेकारी भत्ता मिळतो, जास्तीत जास्त 24 महिने. पहिले बारा महिने सरासरी रोजाच्या 50 टक्के, पुढचे बारा 25 टक्के. त्या काळात कुटुंबाचे औषधोपचारही चालू राहतात. भावाच्या पगारावर पहिल्या वर्षी महिना साधारण 9,000, दुसऱ्या वर्षी 4,500. पण कारण 'कपात' असलं तरच. तक्त्यात 10 ऐवजी 2 पडला की हा दरवाजा बंद. म्हणून मी इतकी चिडले आहे.

दुसरी योजना अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. 1 जुलै 2018 ला प्रयोग म्हणून सुरू झाली आणि मुदत वाढवत वाढवत पुढं नेली. आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त 90 दिवसांसाठी. आधी रोजाच्या 25 टक्के मिळायचे, कोविडच्या वर्षी 50 केले, आणि मालकाच्या सहीसाठी थांबायची गरजही काढून टाकली. अर्ज थेट ईएसआयच्या शाखा कार्यालयात. यातही गैरवर्तनावरून काढलेला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेला बसत नाही. दोन्ही योजनांचे पैसे एकदम मिळत नाहीत. जाण्याआधी सध्याची मुदत आणि दर शाखेत विचारून घ्या.

रोजगार केंद्रांबद्दल मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, ते नाइलाजानं मान्य करते. 1959 च्या कायद्यानं रिकाम्या जागा कळवणं बंधनकारक केलं, पण केंद्राच्या यादीतूनच माणूस घ्या असं बंधन कधीच घातलं नाही. 1996 साली सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की केवळ केंद्रानं पाठवलेल्या नावांवर भरती करू नये, जागा जाहीरही कराव्यात. त्यामुळं कार्ड काढलं म्हणून नोकरी चालत येत नाही. मेळाव्यांत विशीतल्या पोरांची गर्दी असते हेही खरं, आणि 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना तर 35 वर्षांपर्यंतच्यांसाठीच आहे. एकेचाळिशीच्या माझ्या भावाला तिचा उपयोग नाही. चाळिशीतल्या कुशल कामगारासाठी तिथं फार कमी केलं जातं आणि त्याबद्दल ओरडायलाच हवं.

पण ती फक्त नवशिक्यांसाठी आहेत, हे चूक. ही सेवा 1945 साली सुरू झाली तीच युद्धावरून परतलेल्या, काम सुटलेल्या सैनिकांसाठी. फाळणीनंतर तिनं निर्वासितांची नोंद केली. 1956 मध्ये तिचा रोजचा कारभार राज्यांकडं आला. आज आपल्याकडं महास्वयं पोर्टल आणि जिल्ह्याचं मार्गदर्शन केंद्र आहे, आणि केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल 2015 पासून. नोंदणी फुकट. 1514 वर फोन करून विचारता येतं. 499 रुपये मागणारा माणूस सरकारी नाही, एवढं पुरे.

राहिली जर्मनी. तिथं निव्वळ पगाराच्या 60 टक्के मिळतात, मूल असलं तर 67. खरं आहे. पण ते मिळतात सरकारी रोजगार कार्यालयात नाव नोंदवल्यावर, म्हणजे मेसेज ज्याला निरुपयोगी म्हणतो त्याच खिडकीवर. आणि तिथं सबळ कारण नसताना स्वतःहून नोकरी सोडली तर साधारणपणे 12 आठवडे भत्ता रोखतात! मेसेज लिहिणाऱ्यानं ज्या देशाचं उदाहरण दिलं, तो देशही त्याचा सल्ला ऐकणाऱ्याला दंड करतो.

भावाबरोबर काम करणाऱ्या तिघांनी शुक्रवारी सह्या करून टाकल्या होत्या. त्यांना मी सांगितलंय, राजीनामा कोणत्या दबावाखाली घेतला ते तारखेसह लिहा आणि कामगार आयुक्त कार्यालयात पोच घेऊन द्या. उशीर करू नका.

भावाला इंग्रजी अर्ज मी दिला नाही. त्याऐवजी मराठीत हे लिहून दिलं, सोमवारी त्यानं दोन प्रती नेल्या आणि एकीवर शिक्का घेऊन आला: "मी राजीनामा देत नाही. मी कामावर हजर आहे. कंपनीला मला कामावरून कमी करायचं असल्यास कारणासह लेखी नोटीस द्यावी, नुकसानभरपाईचा हिशेब द्यावा, आणि ईएसआयच्या नोंदीत कपात असंच कारण दाखवावं."