स्वर्ल मार्क्स जाता जात नाहीत आणि बाटलीवर लिहिलंय ‘एका हातात गायब’

डोकं फिरलंय नुसतं. स्वर्ल मार्क्स म्हणजे गाडीच्या पेंटवरचे बारीक चरे, काही केल्या जात नाहीत. काळा पेंट, त्यावर क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक थर) असला कडक की कंपाउंड (चरे घासून काढायची पेस्ट) बदला, पॅड बदला, स्पीड वाढवा, सावलीत गाडी चकाचक दिसते आणि एलईडी टॉर्च धरला की बॉनेटवर कोळ्याचं जाळं जसंच्या तसं. ते चरे खरं तर गोल नसतातच, सगळ्या दिशांना असतात, उजेडाला आडवे असतील तेवढेच चमकतात म्हणून दिव्याभोवती गोल जाळं दिसतं. पण हे कळून काय उपयोग, जात तर नाहीत ना!!

वर सल्ले देणारे. "अजून जोर लाव." अरे डीए (ड्युअल ॲक्शन, पॅड फिरतो पण आणि थरथरतो पण) मशीन आहे ते, जास्त दाबलं की पॅड फिरायचाच थांबतो, नुसता थरथरतो आणि कटिंग जवळपास शून्य. पॅडच्या मागच्या प्लेटच्या कडेला मार्करनं एक रेघ मारा आणि मशीन चालू असताना बघा, रेघ फिरताना दिसत नसेल तर तुम्ही फुकट घाम गाळताय. कडक पेंटला मायक्रोफायबर नाहीतर लोकरीचा पॅड लागतो, दोन बाय दोन फुटाचा तुकडा घेऊन आडवं उभं हळूहळू मशीन फिरवावं लागतं, प्रत्येक तुकड्यानंतर पॅड ब्रशनं साफ करावा लागतो कारण निघालेला पेंट आणि सुकलेलं कंपाउंड त्यातच अडकून बसतं. एवढं करून चरे गेले तर त्याच पॅडनं धुरकटपणा येतो, म्हणजे फोमचा मऊ पॅड आणि बारीक पॉलिश घेऊन तोच बॉनेट परत पहिल्यापासून. खांदे भरून येतात राव.

पण खरी चीड येते ती त्या ‘एका हातात गायब’ वाल्या बाटल्यांची. त्यातल्या कितीतरी बाटल्या चरा काढतच नाहीत, तेल आणि फिलर भरून झाकतात फक्त. लावल्यावर आरसा, चार वेळा गाडी धुतली की सगळं परत वर. बफिंग करून देणारे काही जण पण हेच करतात, वरून ग्लेझ (चरे तात्पुरते झाकणारं चकाकीचं क्रीम) मारायचं, गिऱ्हाईक खूश, पैसे खिशात. गाडी ताब्यात घ्यायच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून एक भाग पुसून दाखवा म्हणावं, त्यानं तेल-फिलर निघून झाकलेले चरे उघडे पडतात, लगेच तोंडं बघा. ही सरळ सरळ फसवणूक आहे आणि मला कुणी ‘फिनिशिंग’ वगैरे सांगू नका.

आणि हे "दरवर्षी बफिंग करून घ्यायचं" म्हणणारे! क्लिअरकोट असतो किती? कंपनीच्या पेंटवर साधारण 35 ते 50 मायक्रॉन, माणसाचा केससुद्धा बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा जाड असतो. चरा काढायचा म्हणजे चरा भरत नाही, आजूबाजूचा क्लिअरकोट त्याच्या पातळीपर्यंत खाली आणायचा असतो, आणि जे गेलं ते परत येत नाही. दरवाजाच्या कडेला, बॉनेटच्या उठावदार रेषेवर तर अजूनच पातळ, तिथं रोटरी मशीन (पॅड नुसता गोल फिरवणारी) जरा जास्त रेंगाळली की पेंट जळून खालचा प्रायमर दिसतो. नख अडकतंय एवढा खोल चरा असेल तर तो पूर्ण काढायच्या मागेच लागू नये, कडा गुळगुळीत करायच्या, कमी दिसेल, बास. पण नाही, लोकांना सगळं शंभर टक्के पाहिजे.

आणि हे सगळं कशामुळे? रोज सकाळी धूळ बसलेल्या गाडीवर कोरडं फडकं फिरवणाऱ्यांमुळे! ती धूळ म्हणजे बारीक वाळू असते हो, तुम्ही ती पेंटवर रगडताय आणि वर म्हणताय गाडी स्वच्छ ठेवतो. तेच फडकं जमिनीवर पडतं, झटकून परत गाडीवर. एकाच बादलीत घाण स्पंज बुडवून बुडवून धुणं, तेही तसलंच. कितीही वेळा सांगा, "अहो हलक्या हातानं पुसतो की!" हलका हात गेला खड्ड्यात, वाळू ती वाळूच. नका पुसू. पाणी मिळेपर्यंत मळकी फिरू दे गाडी, काही बिघडत नाही, पण ते कोरडं फडकं लांब ठेवा.